तेलावरील करार आणि पेंडीची निर्यात : कंधार परिसराच्या संदर्भात एक विवेचन

मुक्त व्यापार करारांचा एखाद्या प्रदेशाच्या शेतमाल-निर्यातीवर कोणता परिणाम होतो, हे ठरविण्याची रूढ पद्धत सरळ आहे. ज्या देशाशी करार झाला त्याने कोणत्या जिनसांवरील आयातशुल्क किती कमी केले हे पाहावयाचे, त्या जिनसांपैकी आपल्याकडे कोणत्या पिकतात हे ताडावयाचे, आणि त्यावरून संधीचा अंदाज बांधावयाचा. नाशिकच्या द्राक्षांना किंवा अर्धापूरच्या केळीला ही पद्धत बऱ्याच अंशी लागू पडते. तेथे शेतातून निघालेला माल त्याच रूपात परदेशी जातो. नांदेड जिल्ह्यातील कंधार तालुक्यात आणि त्याला लागून असलेल्या लातूर जिल्ह्याच्या अहमदपूर भागात मात्र ती फसते. येथील खरिपाचे मुख्य नगदी पीक आता सोयाबीन हे आहे. आणि सोयाबीन येथून परदेशी जाते ते दाण्याच्या रूपाने नव्हे. ते मोंढ्यातून लातूर, नांदेड आदी ठिकाणच्या तेल-निष्कर्षण कारखान्यांत जाते, तेथे त्याचे तेल व पेंड असे दोन भाग होतात. तेल देशातच खपते. निर्यात होते ती पेंडीची. पण गेल्या दीड दशकातील ज्या करारांनी या निर्यातीवर परिणाम घडविला, त्यांत महत्त्वाची कलमे पेंडीविषयीची नाहीत, तेलाविषयीची आहेत. आणि तेही सोयाबीनच्या नव्हे, ताडाच्या (पाम) तेलाविषयीची. या विसंगतीचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

व्यापारी तहाने या प्रदेशाचे शुल्क ठरविण्याची गोष्ट नवी नाही. कंधार, नांदेड, लातूर हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १८०२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी आणि निजाम यांच्यात झालेल्या व्यापारी तहाने कंपनीच्या मुलखातून येणाऱ्या मालावर सरसकट शेकडा ५ इतकेच शुल्क घ्यावे असे ठरले. पुढे ब्रिटिश मालाच्या स्पर्धेत स्थानिक कसब टिकवावे असे दरबारला कधी वाटले असते, तरी हा आकडा एकतर्फी वाढविणे त्याच्या हाती नव्हते. १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड रेल्वे नांदेडवरून गेली, १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वे लातूरला पोहोचली, आणि या भागातील गावरानी कापूस मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. करोडगिरीची नाकी १९५० च्या वित्तीय एकीकरणानंतर क्रमाने उठली. ‘करोडगिरी’ हा शब्द तेवढा जुन्या माणसांच्या बोलण्यात राहिला. या जुन्या प्रकरणातून एक मुद्दा मात्र प्रस्तुत विषयास उपयोगी पडतो. तहातील शुल्काचा आकडा हा आज आकारावयाचा दर असतो असे नाही. तो उद्या ज्याच्या पलीकडे जाता येणार नाही असा बांध असतो.

आता सोयाबीनच्या अर्थशास्त्राकडे वळू. सोयाबीन हे तेलबियांत गणले जात असले तरी त्यात तेलाचे प्रमाण शेकडा १८ च्या आसपासच असते. शेकडा ८० च्या घरात पेंड निघते. सरकी, करडई, भुईमूग यांच्याशी तुलना करता हे पीक तेलापेक्षा प्रथिनांचे आहे असेच म्हणावे लागते. अर्थशास्त्रात ज्यास संयुक्त उत्पादन म्हणतात त्याचे हे ठळक उदाहरण होय : एक काढावयाचे तर दुसरे आपोआप निघते, आणि कच्च्या मालाची किंमत दोहोंच्या विक्रीतून मिळून भरून यावी लागते.

उदाहरणादाखल काही सोईचे आकडे घेऊ. ते कोणत्याही विशिष्ट दिवसाचे बाजारभाव नव्हेत. कारखान्यात तेलाला किलोमागे १०० रुपये आणि पेंडीला ३५ रुपये मिळत असतील, तर क्विंटलभर सोयाबीनपासून १,८०० रुपयांचे तेल व २,८०० रुपयांची पेंड, म्हणजे एकूण ४,६०० रुपये हाती येतात. वाहतूक, आडत, निष्कर्षणाचा खर्च व नफा यांसाठी ३०० रुपये वजा केले तर कारखानदार शेतकऱ्यास जास्तीत जास्त ४,३०० रुपये देऊ शकतो. तेलाचा भाव किलोमागे १० रुपयांनी वाढला तर ही मर्यादा १८० रुपयांनी वर जाते; पेंडीचा भाव ५ रुपयांनी पडला तर ती ४०० रुपयांनी खाली येते. पेंडीच्या भावातील एक रुपया तेलाच्या भावातील जवळजवळ साडेचार रुपयांच्या बरोबरीचा आहे.

हेच गणित उलट बाजूने मांडले असता निर्यातीचा प्रश्न स्पष्ट होतो. समजा, दाण्याला २०२४–२५ च्या हंगामाचा हमीभाव, म्हणजे क्विंटलला ४,८९२ रुपये, द्यावयाचाच आहे. त्यात ३०० रुपये खर्च मिळविला तर ५,१९२ रुपये झाले. तेल १०० रुपये किलोने विकले गेले तर उरलेले ३,३९२ रुपये पेंडीतून काढावे लागतील. म्हणजे पेंड किलोमागे ४२ रुपये ४० पैशांच्या खाली विकणे परवडणार नाही. तेल ११० रुपयांनी विकले गेले तर हीच पेंड ४० रुपये १५ पैशांना विकता येईल. टनामागे हा फरक २,२५० रुपयांचा होतो, आणि पेंडीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात एवढ्या फरकाने सौदा होतो किंवा मोडतो. यावरून असे दिसते की आयात तेलावरील शुल्क हे एका अर्थी पेंडीच्या निर्यातीस मिळणारे अप्रत्यक्ष साहाय्यच असते. देशातील ग्राहक तेलासाठी जे जास्त पैसे मोजतो त्यातील काही भाग पेंड स्वस्तात परदेशी पाठविण्यास उपयोगी पडतो. हे साहाय्य न्याय्य आहे काय, हा प्रश्न वेगळा. गरिबाच्या घरातील तेलाचा खर्च लक्षात घेता त्याचे उत्तर सोपेही नाही. परंतु ज्या करारामुळे तेलावरील शुल्काला बांध पडतो, तो करार पेंडीच्या निर्यातीचे साहाय्य कमी करतो, इतके निश्चित.

भारत आणि आग्नेय आशियाई राष्ट्रांचा संघ (आसियान) यांच्यात १३ ऑगस्ट २००९ रोजी वस्तुव्यापाराचा करार झाला. १ जानेवारी २०१० पासून तो अमलात येऊ लागला. कॉफी, काळा चहा व मिरी यांच्याबरोबर कच्चे व शुद्ध पाम तेल या जिनसा त्यात ‘विशेष’ म्हणून वेगळ्या ठेवल्या होत्या. त्यांवरील शुल्क शून्यावर आणावयाचे नव्हते, पण कच्च्या पाम तेलाचे ८० टक्क्यांवरून ३७.५ टक्क्यांपर्यंत आणि शुद्ध तेलाचे ९० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांपर्यंत २०१९ अखेर उतरवावयाचे होते. मलेशियाशी स्वतंत्र करार १ जुलै २०११ पासून लागू झाला आणि त्यात शुद्ध तेलाची उतरंड अधिक वेगाची ठेवण्यात आली.

करार झाला तेव्हा या आकड्यांनी फारसे कोणी विचलित झाले नाही, याचे कारण मनोरंजक आहे. महागाईला आळा घालण्यासाठी शासनाने २००८ मध्येच कच्च्या खाद्यतेलांवरील शुल्क शून्यावर आणले होते. प्रत्यक्ष दर शून्य असताना ३७.५ चा बांध कोणाला जाचणार? पुढे दर हळूहळू वाढत गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये कच्च्या पाम तेलावर ३० टक्के आणि मार्च २०१८ मध्ये ४४ टक्के शुल्क बसले, शुद्ध तेलावर ५४ टक्के. तेलबियांच्या पडत्या भावांना आधार देण्यासाठी उचललेले हे पाऊल दहा महिनेही टिकले नाही. करारातील वेळापत्रकानुसार १ जानेवारी २०१९ रोजी कच्च्या तेलावरील शुल्क ४० टक्क्यांवर आणि शुद्ध तेलावरील मलेशियासाठी ४५, तर इतर आसियान देशांसाठी ५० टक्क्यांवर उतरवावे लागले. कच्च्या व शुद्ध तेलांच्या दरांत मलेशियाच्या बाबतीत अवघे पाच टक्क्यांचे अंतर राहिल्याने शुद्ध तेलाची आयात एकदम फुगली. मग सप्टेंबर २०१९ मध्ये मलेशियाच्या शुद्ध तेलावर १८० दिवसांसाठी ५ टक्के संरक्षक शुल्क, आणि जानेवारी २०२० मध्ये शुद्ध पाम तेलाच्या आयातीवर निर्बंध, अशी उपाययोजना करावी लागली. ‘करारामुळे शुल्क कमी झाले’ असे जे सर्रास म्हटले जाते ते म्हणून अपुरे आहे. बहुतेक काळ शुल्क कमी होते ते दिल्लीच्या स्वतःच्या इच्छेने. कराराने केले ते एवढेच, की ज्या थोड्या महिन्यांत दिल्लीची इच्छा बदलली त्या महिन्यांत तिला हात आखडता घ्यावा लागला.

हा बांध किती जाचला? ४४ वरून ३७.५ म्हणजे साडेसहा टक्के. बंदरावर तेलाची किंमत किलोला ७० रुपये धरली तर फरक साडेचार रुपयांचा. पाम व सोयाबीन ही तेले एकमेकांची जागा घेत असल्याने त्यांचे भाव बहुधा बरोबरीने हलतात. तोच फरक सोयाबीन तेलात पूर्णपणे उतरला असे मानले तरी दाण्याच्या भावात क्विंटलमागे सुमारे ८२ रुपये, किंवा निर्यातीच्या पेंडीत किलोमागे रुपयाभर, एवढाच परिणाम निघतो. एकाच हंगामात भाव हजार रुपयांनी वरखाली होणाऱ्या पिकात ८२ रुपये ही काही फार मोठी रक्कम नव्हे. कराराच्या विरोधकांनी आणि समर्थकांनी या रकमेविषयी जी भाषा वापरली, तिचा या हिशेबाशी मेळ बसत नाही. सोयाबीन तेलावरील बांध तर आसियान करारातील नव्हेच. जागतिक व्यापार संघटनेपुढे भारताने दिलेल्या वचनानुसार त्याची कमाल मर्यादा ४५ टक्के आहे. पाम तेलाची तीच मर्यादा ३०० टक्के होती. आसियान कराराने ही मोठी मोकळीक सोडून दिली, आणि पाम तेलही सोयाबीन तेलासारखेच जखडले गेले.

करारांच्या मुख्य दारापेक्षा बाजूच्या खिडक्यांतून झालेली आवक कदाचित अधिक अभ्यसनीय ठरेल. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारान्वये नेपाळचा माल भारतात शुल्कावाचून येऊ शकतो, मात्र तो नेपाळचा असला पाहिजे. नेपाळात ताडाचे तेल निघत नाही आणि सोयाबीनही त्या मानाने थोडेच पिकते. तरीही २०१९ च्या सुमारास पाम तेल ही त्या देशाची अग्रगण्य निर्यात बनली. भारताने त्यावर निर्बंध घालताच तिची जागा सोयाबीन तेलाने घेतली. आणि २०२४ मध्ये भारताने शुल्क वाढविल्यावर हा ओघ पुन्हा वाढला. परदेशी कच्चे तेल आणून शुद्ध केल्यावर ते ‘नेपाळचे’ होते की नाही, हा मूळ-देश ठरविणाऱ्या नियमांचा प्रश्न होय. सप्टेंबर २०२० पासून भारताने आयातदारावर यासंबंधी पुरावा बाळगण्याची जबाबदारी टाकली आहे. आफ्रिकेतील अल्पविकसित देशांना २००८ पासून दिलेल्या सवलतीमुळे तेथील सोयाबीनचे दाणेही शुल्काशिवाय येऊ शकतात आणि टंचाईच्या वर्षी आले आहेत. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. तेल आले तर शेतकरी आणि कारखानदार दोघांचेही नुकसान होते. दाणे आले तर कारखान्याला काम मिळते, पेंडही निघते, आणि तोटा एकट्या शेतकऱ्याकडे जातो. ‘प्रदेशाचे हित’ असा एकवचनी शब्द वापरताना हे विसरून चालत नाही.

लातूरच्या डाळ गिरण्यांच्या बाबतीत हा हितभेद आणखी उघडा पडतो. तुरीचे करार शुल्काचे नसून परिमाणाचे आहेत. जुलै २०१६ मध्ये भारत व मोझांबिक यांच्यात झालेल्या सामंजस्य करारानुसार तुरीची आयात वर्षाला १ लाख टनांपासून वाढवीत २ लाख टनांपर्यंत न्यावयाची होती. २०२१ मध्ये मलावी (५० हजार टन) व म्यानमार (१ लाख टन) यांच्याशीही तसेच करार झाले. पहिल्या कराराच्या वर्षीच देशात तुरीचे अमाप पीक आले आणि भाव कोसळले. डाळींच्या निर्यातीवर २००६ मध्ये घातलेली बंदी तेव्हा अजून उठावयाची होती. तूर, मूग व उडीद यांच्यासाठी ती सप्टेंबर २०१७ मध्ये उठली. कंधारच्या शेतकऱ्याला परदेशी तुरीशी स्पर्धा करावी लागत होती, पण परदेशी बाजार त्याला बंद होता. गिरणीमालकाला मात्र बाराही महिने कच्चा माल मिळण्याची हमी मिळाली.

कापसाविषयी थोडक्यात सांगता येईल. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या ऑस्ट्रेलियाशी केलेल्या करारात वर्षाला ५१ हजार टन कापूस शुल्कमुक्त आणण्याची तरतूद आहे.  १९ ऑगस्ट २०२५ ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात सर्व कापसावरील ११ टक्के शुल्क माफ झाले, त्याचा परिणाम याहून कितीतरी व्यापक. ती माफी कोणत्याही कराराने आली नव्हती.

पुन्हा पेंडीकडे येऊ. एके काळी भारतीय सोयापेंडीचा मोठा ग्राहक व्हिएतनाम होता, आणि जपान, दक्षिण कोरिया, इंडोनेशिया हेही मोठ्या प्रमाणावर ती घेत. आसियान करारानंतर या बाजारपेठा अधिक खुल्या व्हावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात पहिल्या काही वर्षांनंतर निर्यात झपाट्याने घसरली. शुल्काची अडचण नव्हती, भावाची होती. अर्जेंटिना, ब्राझील व अमेरिका यांची पेंड बंदरात स्वस्त पडत होती. तेथील एकरी उत्पादन जास्त, आणि तेथील तेलाला अलीकडे जैवइंधनाची वाढती मागणी आहे. तेलाला चांगला भाव मिळाला की पेंड स्वस्त विकता येते, हे वर दाखविलेले गणित त्यांच्या बाजूने चालते. भारतीय पेंडीचे एक वैशिष्ट्य तिला तारून नेते. येथे जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीस परवानगी नाही, म्हणून युरोपातील काही ग्राहक तिच्यासाठी अधिक किंमत मोजण्यास तयार असतात.

दोन हंगामांची तुलना या विवेचनाची कसोटी पाहू शकते. ऑगस्ट २०२१ च्या आरंभी दाण्याचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला तेव्हा देशात पेंडीची तीव्र टंचाई होती. कुक्कुटपालकांच्या मागणीवरून शासनाने १२ लाख टन परदेशी पेंड आणण्यास परवानगी दिली आणि भाव खाली आले. याउलट १४ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे काढणीच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलांवरील मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के करण्यात आले. अधिभारांसह ते २७.५ टक्के झाले. तेल महागले. परंतु मराठवाड्याच्या मोंढ्यांतून सोयाबीनचा भाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या बराच खाली राहिला. तेलाने दिलेले पेंडीने काढून घेतले : जगात पेंड मुबलक होती, आणि देशात इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा धान्याचा चोथा पशुखाद्यात तिची जागा घेऊ लागला होता. शासकीय खरेदी होती, पण दाण्यातील ओलाव्याची १२ टक्क्यांची अट पुष्कळांना आड आली. नोव्हेंबरमध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली, तोवर अनेकांचा माल विकला गेला होता. मे २०२५ च्या अखेरीस हेच शुल्क पुन्हा निम्मे, म्हणजे अधिभारांसह १६.५ टक्के करण्यात आले. आसियान कराराचा बांध या साऱ्या चढउतारात एकदाही आड आला नाही.

तोट्याचा भार कोणावर पडतो, हे काळावर अवलंबून असते. काढणीनंतर पुरवठा ठरून गेलेला असतो. ज्याला कृषिकेंद्राची उधारी फेडावयाची आहे, रब्बीची पेरणी करावयाची आहे, आणि ज्याच्याजवळ साठवणुकीची जागा नाही, तो शेतकरी मिळेल त्या भावाने माल घालतो. अशा वेळी तेलाच्या वा पेंडीच्या भावातील घट जवळजवळ सगळी दाण्याच्या भावात उतरते. कारखानदाराचा ३०० रुपयांचा वाटा कायम राहतो. हमीभावाची खरेदी जोमाने झाली तर दाण्याचा भाव सावरतो, पण मग पेंड महाग होते आणि निर्यात अडते. शेतकऱ्याचा भाव, ग्राहकाचे स्वस्त तेल आणि पेंडीची निर्यात या तिन्ही गोष्टी एकदम साधणे या गणितात बसत नाही. कोणता तरी एक कोन दबतोच.

भविष्यातील करारांकडून या परिसराने काय अपेक्षा करावी, हेही याच दृष्टीने तपासावे लागेल. युरोपीय संघात सोयापेंडीवर आयातशुल्क मुळातच नाही. त्या संघाशी कसलाही करार झाला तरी कमी करण्यासारखे तेथे काही शिल्लक नाही. अडथळा आहे तो मालाच्या ओळखीचा. जनुकीय बदल नसल्याचे प्रमाण द्यावे लागते. शिवाय जंगलतोडीविरुद्धच्या २०२३ च्या युरोपीय नियमात सोयाबीन व त्याची पेंड यांचा समावेश असून, माल कोणत्या भूखंडावर पिकला हे अक्षांश-रेखांशांसह दाखविणे त्यात अपेक्षित आहे. त्या नियमाची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, पण नियम रद्द झालेला नाही. कंधारच्या शेतात पिकलेल्या सोयाबीनला सातबाराचा गट क्रमांक असतो. आडत दुकानासमोर निरनिराळ्या गावांची पोती एकाच ढिगात रिचवली जातात तेव्हा तो तेथेच राहतो, आणि कारखान्याच्या दारात पोहोचतो तो केवळ ओलावा, माती-काडी व वजन यांची नोंद असलेला माल.